टेस्टिंग स्प्रिंटच्या शेवटी साचतंय? मग कामाचा क्रम असा बदला

सोमवारी स्प्रिंट, म्हणजे ठरलेलं काम पुरं करायचा दोन आठवड्यांचा टप्पा, सुरू होतो. रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभं राहून बोलतात. बोर्डावर स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) एका कॉलममधून दुसऱ्यात सरकतात. आणि दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला टेस्टरच्या हातात सात स्टोऱ्यांचा बिल्ड (चालवून बघता येईल असं तयार सॉफ्टवेअर) पडतो, शुक्रवारी दुपारी डेमो असतो. अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत) सुरू करणाऱ्या बहुतेक टीम पहिले तीन-चार स्प्रिंट अशाच अडकतात. कॅलेंडर बदललेलं असतं, पण आधी सगळं बांधायचं आणि मग तपासायचं हा जुना क्रम तसाच राहतो. फक्त तो सहा महिन्यांऐवजी दोन आठवड्यांत कोंबलेला असतो.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या पाच ते दहा जणांच्या टीम डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा टीममध्ये टेस्टर एक, फार तर दोन असतात. उदाहरण आमच्याच कामातलं घेतो: मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातल्या, अडत दुकानासाठीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. मालाची आवक, वजन, ओलावा, भाव, हमाली-तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी (हिशोबाची पावती) एवढं त्यात येतं. तुमचं काम शाळेच्या फीचं असो की दवाखान्याच्या नोंदणीचं, क्रम हाच चालेल.

## टप्पा १: पहिल्या स्प्रिंटच्या आधीचा आठवडा

आपल्याकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. एका सरीवर घाई केली की दुबार पेरणी कपाळी येते. आमची दुबार पेरणी झाली ती याच टप्प्यावर. तयारी न करता स्प्रिंट सुरू केला आणि पहिले चार दिवस टेस्ट सर्व्हर उभा करण्यात गेले. म्हणून एक आठवडा वेगळा काढा आणि त्यात हे उरका.

टेस्टसाठी वेगळी जागा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर टेस्टिंग करायचं नाही. टेस्ट सर्व्हर आणि डेटाबेस वेगळा हवा. तो एका कमांडने मोडून पुन्हा कोरा करता आला पाहिजे, कारण कालच्या टेस्टचा उरलेला डेटा आजच्या टेस्टला खोटा निकाल देतो.

बिल्ड आपोआप. कोड मर्ज झाला, म्हणजे टीमच्या मुख्य कोडमध्ये मिसळला, की जेन्किन्स किंवा गिटलॅबसारख्या टूलने बिल्ड करून टेस्ट सर्व्हरवर चढवावा. "दादा, नवीन बिल्ड टाकता का जरा?" असं टेस्टरला दिवसातून चारदा विचारावं लागत असेल तर पुढचे सगळे टप्पे लंगडे पडतील.

बनावट पण खराखुरा वाटणारा डेटा. ग्राहकाच्या दुकानातला खरा डेटाबेस उचलून टेस्टला लावू नका. त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, बँक खाती आणि कधीकधी आधार क्रमांक असतात. चुकून एक टेस्ट एसएमएस खऱ्या शेतकऱ्याला गेला, तर "पैसे जमा झाले" वाचून तो गावाहून बँकेत येतो. डेटा स्वतः तयार करा. पण त्यात "टेस्ट १, टेस्ट २" अशी नावं भरू नका, आपल्या भागातली नावं भरा. का, ते टप्पा २ मध्ये येईल.

ग्राहक वापरतो तो फोन. दुकानातला मुनीम ज्या साध्या अँड्रॉइड फोनवर काम करतो, तसा एक जुना फोन ऑफिसात आणून ठेवा.

> तपासून पाहा: टीममध्ये आज रुजू झालेला माणूस कोणाला न विचारता तासाभरात ताजा बिल्ड उघडून एक पट्टी तयार करू शकतो का? नसेल, तर स्प्रिंट सुरू करू नका.

## टप्पा २: कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी तिघांनी बसायचं

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. टेस्टरचं खरं काम इथे सुरू होतं.

प्रत्येक स्टोरीसाठी तिघं जण बसतात: ग्राहकाच्या बाजूने बोलणारा, ती लिहिणारा डेव्हलपर आणि टेस्टर. वेळ वीस ते तीस मिनिटं. बैठकीतून बाहेर पडताना हातात उदाहरणं हवीत, वर्णन नको. "पट्टीची रक्कम बरोबर आली पाहिजे" हे वर्णन झालं. त्यावर कोणाचंही दुमत होणार नाही आणि त्यातून कोणाला काही कळणारही नाही.

उदाहरण कसं असतं ते बघा. सोयाबीनचं वजन १२.५० क्विंटल, भाव ४,३६५ रुपये. गुणाकार ५४,५६२ रुपये ५० पैसे. पट्टीवर पूर्ण रुपये छापायचे आहेत, तर ५४,५६२ की ५४,५६३? टेस्टरने हा प्रश्न बैठकीत विचारला नाही, तर उत्तर प्रोग्रामिंगची भाषा परस्पर देऊन टाकते. पायथनचं राउंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणजे ५४,५६२. जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड ५४,५६३ देतं. सर्व्हर पायथनमध्ये आणि मोबाइलचा स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये असेल, तर शेतकऱ्याला फोनवर एक आकडा दिसतो आणि कागदावर दुसरा. एका रुपयाचा फरक, पण मोंढ्यात त्या रुपयावर विश्वास जातो. दोन्ही डेव्हलपरचं काम आपापल्या जागी बरोबर असतं. निर्णय कोणी घेतलेला नसतो, एवढंच.

उदाहरणं लिहायला साधा साचा पुरतो: *असं असताना – असं केलं की – असं व्हायला हवं.*

- असं असताना: ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. असं केलं की: ११.९, १२.० आणि १२.१ अशा तीन नोंदी केल्या. असं व्हायला हवं: पहिल्या दोन पास, तिसरीवर सूचना.

मर्यादेच्या अलीकडचा, नेमका मर्यादेवरचा आणि पलीकडचा आकडा नेहमी घ्या. कोडमध्ये "पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा तेवढाच" यांची गल्लत इथेच पकडली जाते.

याच उदाहरणातून पुढचा प्रश्न निघायला हवा: ही मर्यादा बदलते का? बदलते. हमीभाव खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत धरतात, पण २०२४च्या हंगामात केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला. हमीभावही २०२४-२५ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ला ५,३२८ झाला. म्हणजे हे आकडे कोडमध्ये गाडून चालणार नाही, सेटिंगमध्ये तारखेसह ठेवावे लागतील. आणि मागच्या वर्षीची पट्टी पुन्हा छापली तर तिच्यावर मागच्याच वर्षीचा आकडा यायला हवा. बैठकीत हे पाच मिनिटांत सुचतं. कोड लिहून झाल्यावर सुचलं तर तीन दिवस जातात.

आता नावांचं. "कऱ्हाळे" हे आडनाव दोन तऱ्हेने टाइप होतं. कोणी ऱ हे वेगळं अक्षर घेऊन टाइप करतो. कोणाचा कीबोर्ड साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. आवक एका नावावर, उचल दुसऱ्या नावावर, आणि शोधलं की शेतकरी सापडतच नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगळ्या तऱ्हेने टाइप झालेली अक्षरं एकसारखी करणं) लावलं तरी ते न दिसणारं चिन्ह निघत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आकड्यांचंही तसंच. मुनिमाने "१२" देवनागरीत टाइप केलं तर मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट ते ओळखतं, जावास्क्रिप्टचं नंबर ओळखत नाही. मराठी नावं आणि मराठी अंक टेस्ट डेटात पहिल्या दिवसापासून का हवेत, ते यावरून लक्षात येईल.

आणि एकदा तरी ही बैठक दुकानात जाऊन करा. आमच्या टेस्टरने लातूरच्या मोंढ्यात एका मुनीमकाकांना पट्टीचा स्क्रीन दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "ताई, पट्टी चुकली तर आम्ही लाल पेनानं खोडून बाजूला सही घेतोत. तुमच्यात खोडायचं कसं?" आमच्याकडे "पट्टी डिलीट करा" असं बटण होतं. खोडणं आणि डिलीट करणं यात केवढं अंतर आहे ते आम्हाला तेव्हा कळलं. खोडलेलं वाचता येतं आणि कोणी खोडलं तेही कळतं. त्या दिवशी ते बटण काढलं आणि दुरुस्तीची नोंद ठेवणारी नवी स्टोरी लिहिली.

> थांबा: बैठकीत टेस्टर फक्त ऐकत असेल तर बैठक वाया गेली. नवी टेस्टर मुलगी सीनिअर डेव्हलपरसमोर बोलायला कचरते, हे मी अनेकदा बघितलं आहे. उदाहरणं फळ्यावर लिहिण्याचं काम तिच्याकडेच द्या. खडू हातात असला की प्रश्न आपोआप विचारले जातात.

## टप्पा ३: "झालं" म्हणजे काय, ते लिहून भिंतीवर लावा

डेव्हलपरच्या तोंडी "झालं" म्हणजे माझ्या मशीनवर चाललं. टेस्टरच्या तोंडी "झालं" म्हणजे मी तपासलं. मालकाच्या तोंडी "झालं" म्हणजे आता ग्राहकाला बिल लावू. तिघं एकच शब्द बोलतात आणि शुक्रवारी भांडतात.

पाच-सहा ओळी पुरतात. आमच्या अशा आहेत: कोड दुसऱ्या डेव्हलपरने वाचला, हिशोबाच्या प्रत्येक सूत्राला युनिट टेस्ट (कोडचा एकच तुकडा तपासणारी छोटी टेस्ट) आहे, बैठकीतली सगळी उदाहरणं टेस्ट सर्व्हरवर पास, जुन्या टेस्ट पास, साध्या फोनवर उघडून बघितलं, माहीत असलेला बग (चूक) शिल्लक नाही.

वीस ओळींची यादी करू नका. पाळता येणार नाही एवढी लांब यादी पहिल्याच स्प्रिंटमध्ये मोडते, आणि एकदा मोडलेली यादी पुन्हा कोणी मनावर घेत नाही.

## टप्पा ४: स्टोरी बारीक करा

टेस्टिंग शेवटी साचण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे मोठी स्टोरी. "पट्टी मॉड्यूल" ही स्टोरी आठ दिवस कोडिंगमध्ये राहणार आणि नवव्या दिवशी टेस्टरकडे येणार. तिथे टेस्टर कितीही हुशार असो, उपयोग नाही.

फोड करताना "आधी डेटाबेस, मग सर्व्हर, मग स्क्रीन" अशी आडवी करू नका. नुसता डेटाबेस तयार झाला तर टेस्टरने तपासायचं काय? उभी फोड करा. पहिली स्टोरी: एका मालाची, एका वजनाची, कपातीशिवाय पट्टी स्क्रीनवर दिसते. दुसरी: हमाली-तोलाई वजा होते. तिसरी: एका शेतकऱ्याचे दोन माल. चौथी: प्रिंट. प्रत्येक तुकडा वापरून बघता येतो, म्हणून तपासता येतो.

> तपासून पाहा: स्टोरी सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत टेस्टरकडे काहीतरी चालवून बघण्याजोगं येतं का? येत नसेल तर अजून फोडा.

## टप्पा ५: स्प्रिंटमधला रोजचा क्रम

१. डेव्हलपर स्टोरी घेतो तेव्हाच टेस्टर तिच्या टेस्ट लिहायला बसतो. बिल्डची वाट बघत नाही.

२. कोड मर्ज करण्याआधी डेव्हलपर टेस्टरला हाक मारतो आणि स्वतःच्या मशीनवर दहा मिनिटं दाखवतो. निम्मे बग इथेच, तिकीट (बगची लेखी नोंद) न लिहिता संपतात. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, स्वयंपाकात भाजी उतरवण्याआधी मीठ चाखतातच.

३. मर्ज, आपोआप बिल्ड, त्याच दिवशी तपासणी.

४. टेस्टिंगच्या कॉलममध्ये एका वेळी तीनच स्टोऱ्या. चौथी आली की डेव्हलपरने नवं काम उचलायचं नाही, आधीच्या तीनपैकी एक तपासायला घ्यायची. मात्र स्वतःची नाही, दुसऱ्याची.

चौथा नियम पचायला जड जातो. "मी डेव्हलपर आहे, टेस्टिंग का करू?" हा प्रश्न येणारच. उत्तर वाद घालून देऊ नका, बोर्डासमोर उभं करून द्या. नवी स्टोरी सुरू केल्याने शुक्रवारी ग्राहकाला काही मिळणार नाही. अडकलेली एक पुढे सरकली तर मिळेल. आमच्याकडे या नियमाने अजून एक गोष्ट झाली. ज्याने दुसऱ्याची पट्टी दोन तास तपासली, तो पुढच्या वेळी स्वतःचा कोड तपासायला सोपा लिहू लागला.

> थांबा: "या स्प्रिंटमध्ये कोडिंग, पुढच्यात टेस्टिंग" अशी तडजोड करू नका. सुरुवातीला ती सोयीची वाटते. पण डेव्हलपर नव्या कामात असताना जुने बग येतात आणि दोन्ही रखडतात.

## टप्पा ६: ऑटोमेशन कुठून सुरू करायचं

बहुतेक टीम उलटीकडून सुरू करतात. सेलेनियम किंवा प्लेराइटसारखं ब्राउझर आपोआप चालवणारं टूल घेतात आणि सगळे स्क्रीन क्लिक करणाऱ्या टेस्ट लिहितात. महिन्याभराने स्क्रीनची रचना बदलते आणि निम्म्या टेस्ट लाल (नापास) होतात. मग कोणीतरी त्या बंद करून टाकतं.

क्रम असा ठेवा. आधी युनिट टेस्ट, हिशोबाच्या सूत्रांसाठी: वजन, ओलावा, कपात, राउंडिंग. त्या सेकंदात चालतात आणि डेव्हलपरच लिहितात. मग सर्व्हरच्या एपीआयच्या (स्क्रीनशिवाय सर्व्हरशी थेट बोलायच्या वाटेच्या) टेस्ट: नोंद जाते का, चुकीची नोंद नाकारली जाते का. हे टेस्टर पोस्टमन या टूलवरून शिकू शकतो. सर्वांत शेवटी स्क्रीनवरून चालणाऱ्या मोजक्या टेस्ट, ज्या मोडल्या तर दुकान बंद पडेल अशाच वाटांसाठी. आमच्याकडे त्या वाटा अशा: लॉगिन, आवक नोंद, पट्टी आणि दिवसअखेरचा हिशोब.

मर्जनंतर चालणारा टेस्टचा संच दहा मिनिटांच्या आत ठेवा. पाऊण तास लागला तर निकाल बघायला कोणी थांबत नाही.

आणि कधी हिरवी, कधी लाल होणारी टेस्ट खपवून घेऊ नका. "पुन्हा चालव, होईल पास" हे वाक्य टीममध्ये रुळलं की खरा बग आला तरी सगळे तेच म्हणतात. अशी टेस्ट त्याच दिवशी मुख्य संचातून बाजूला काढा, कारण शोधा, दुरुस्त करा किंवा कायमची काढून टाका. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: टेस्ट ठरावीक सेकंद थांबते आणि सर्व्हरला त्या दिवशी जास्त वेळ लागतो, किंवा दोन टेस्ट एकाच शेतकऱ्याची नोंद वापरतात.

## टप्पा ७: बगचं काय करायचं

चालू स्टोरीतला बग असेल तर तिकीट नको. उठून जा, दाखवा, आजच दुरुस्त होऊ द्या. स्टोरी अजून झालेलीच नाही, त्यामुळे तो उरलेल्या कामाचाच भाग आहे. जुन्या भागात सापडलेला बग मात्र तिकीट लिहून यादीत टाका, कोणता आधी घ्यायचा ते ग्राहकाच्या बाजूचा माणूस ठरवेल.

ग्राहकाकडे पोचलेल्या बगसाठी एकच सक्तीचा नियम: आधी तो बग पकडणारी, म्हणजे आत्ता नापास होणारी टेस्ट लिहा. मग दुरुस्ती. टेस्ट हिरवी झाली की काम संपलं. यामुळे तोच बग दोन महिन्यांनी पुन्हा उगवत नाही.

टेस्टरने किती बग काढले याची मोजणी करू नका. मोजलं की टेस्टर दहा मिनिटांत बोलून मिटणाऱ्या गोष्टीचंही तिकीट करतो आणि डेव्हलपर त्याला टाळू लागतो.

## टप्पा ८: हाताने शोधायचा वेळ राखून ठेवा

ऑटोमेशन फक्त आपल्याला सुचलेलं तपासतं. न सुचलेलं शोधायला माणूस लागतो. प्रत्येक स्प्रिंटमध्ये तासाभराच्या दोन बैठका राखून ठेवा. प्रत्येकीला एकच विषय द्या आणि जे दिसेल ते लिहीत जा. आमचे काही विषय:

- पट्टी सेव्ह करताना लाइट गेली. परत सुरू केल्यावर पट्टी एक आहे, दोन आहेत की अर्धी?
- गावात नेटवर्क गेलं, दहा नोंदी फोनवर साठल्या, रेंज आल्यावर दोन फोनवरून एकदम चढल्या.
- सौदा गडबडीत चालू आहे, मुनिमाने सेव्ह बटण तीनदा दाबलं.
- रक्कम १,००,००० च्या पुढे गेली. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतो की १००,००० असा?

पहिला विषय आम्ही खरोखर प्लग काढून केला. पट्ट्या दोन निघाल्या.

## टप्पा ९: डेमो, रिट्रो आणि ग्राहकाकडे पाठवणं

डेमोला अपूर्ण स्टोरी दाखवू नका, "थोडंसंच राहिलंय" म्हणूनही नको. पहिल्या स्प्रिंटमध्ये सातपैकी तीनच दाखवता आल्या तर तीनच दाखवा, आणि पुढच्या स्प्रिंटला तेवढंच काम घ्या. मालकाला हे सांगणं अवघड जातं. त्यांच्यासमोर एकच आकडा ठेवा: मागच्या वेळी "झालं" म्हणून दिलेल्यांपैकी किती परत आल्या.

रिट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या बैठकीत, एकच बदल ठरवा आणि त्याला एका माणसाचं नाव लावा. सात बदल ठरवले की एकही होत नाही. पहिल्या रिट्रोसाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या: या स्प्रिंटमध्ये टेस्टरच्या हातात पहिली स्टोरी कितव्या दिवशी आली? आमचा आकडा नववा होता. मग सहावा, मग चौथा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर यायला चार महिने लागले.

ग्राहकाकडे पाठवण्याचा दिवस ठरवताना मोंढ्याचं कॅलेंडर बघा. दसऱ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत सोयाबीनची आवक जोरात असते. त्या दिवसांत हिशोबाच्या सूत्राला हात लावणारा बदल पाठवू नका. पाठवावाच लागला तर सौदे संपल्यावर संध्याकाळी पाठवा, मागचा बिल्ड परत चढवायची कमांड आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा, आणि दुसऱ्या दिवशी पहिली पट्टी फाटेपर्यंत टीममधला एक जण दुकानात थांबू द्या.